सीएनआय म्हणजे नाव बदललेले अँग्लिकन चर्च नव्हे
सीएनआय, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, हे इंग्रजांचेच जुने अँग्लिकन (चर्च ऑफ इंग्लंडच्या परंपरेतले) चर्च, फक्त पाटी बदललेली, हा समज चुकीचा आहे. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सीएनआय स्थापन झाले, तेव्हा अँग्लिकनांसह बाप्टिस्ट, ब्रदरन, डिसायपल्स, मेथडिस्टांचा एक गट आणि प्रेस्बिटेरियन-काँग्रिगेशनल परंपरेचे युनायटेड चर्च असे सहा प्रोटेस्टंट प्रवाह एकत्र आले; अहमदनगरच्या अमेरिकन मराठी मिशनची परंपरा यांपैकी शेवटच्या प्रवाहातली. खरा पेच बाप्तिस्म्याचा, म्हणजे ख्रिस्ती दीक्षाविधीचा होता: तान्ह्या बाळाच्या कपाळावर पाणी घालायचे, की जाणत्या वयात विश्वास कबूल करणाऱ्याला पाण्यात बुडवायचे? दोन्ही रीती ग्राह्य धरल्या गेल्या आणि ही तडजोड, माझ्या मते, सर्वांत धाडसाची होती. अमेरिकन परंपरेतले मेथडिस्ट मात्र ऐनवेळी बाहेर राहिले, म्हणून त्यांचे चर्च आजही वेगळे आहे.