फर्स्ट-पर्सन पार्कूर गेम

पळणे, उड्या मारणे, भिंत धरून चढणे आणि एका छतावरून दुसऱ्या छतावर जाणे याच गोष्टींवर उभा असलेला, आणि हे सगळे पात्राच्या डोळ्यांतून दाखवणारा व्हिडिओ गेमचा प्रकार. पडद्यावर पात्र पाठमोरे दिसत नाही. दिसतात ते पुढे झेपावणारे हात, खाली पाहिले तर पाय, आणि समोरची वाट. या नोंदीत प्लेस्टेशन, एक्सबॉक्स अशा कन्सोलवर, म्हणजे टीव्हीला जोडून कंट्रोलरने खेळल्या जाणाऱ्या खेळांचाच विचार केला आहे, आणि तोही मराठवाड्यातल्या खेळणाऱ्यांच्या नजरेने. सपाट छतांच्या या मुलखात छतावरून पळणे म्हणजे काय, हे कुणाला समजावून सांगावे लागत नाही.

मूळ पार्कूर फ्रान्समधले. १९८० च्या दशकाच्या अखेरीस पॅरिसजवळच्या लिस या उपनगरात डाव्हिड बेल आणि त्याच्या सोबत्यांनी भिंती, जिने, कठडे यांवरून सरळ रेषेत आणि न थांबता जाण्याचा सराव सुरू केला. त्यामागे जॉर्ज एबेर या फ्रेंच नौदल अधिकाऱ्याची जुनी व्यायामपद्धती होती आणि डाव्हिडचे वडील रेमों बेल यांनी सैन्यात व अग्निशमन दलात घेतलेले शिक्षण होते. अडथळा टाळायचा नाही, त्याचाच उपयोग करून पुढे जायचे, हे सूत्र खेळांनी जसेच्या तसे उचलले.

खेळांचा प्रवास

पात्राच्या डोळ्यांतून उडी मारण्यात एक मूळचीच अडचण आहे. आपण उभे कुठे आहोत ते दिसत नाही. पाठमोरे पात्र दिसत असेल तर छताची कड आणि पाय यांतले अंतर एका नजरेत कळते. इथे ते अंदाजाने धरावे लागते. १९९५ साली पहिल्या प्लेस्टेशनवर आलेल्या 'जंपिंग फ्लॅश!' या खेळाने यावर सरळ तोडगा काढला. त्यातला यांत्रिक ससा हवेत दुसरी उडी घेतो तेव्हा कॅमेरा आपोआप खाली झुकतो आणि जमिनीवरची सावली पाहून कुठे उतरायचे ते ठरवता येते. ते पार्कूर नव्हते, पण प्रश्न तोच होता.

प्रकाराला आजचे रूप दिले ते स्टॉकहोमच्या डाइस या स्टुडिओने. त्यांचा 'मिरर्स एज' नोव्हेंबर २००८ मध्ये प्लेस्टेशन ३ आणि एक्सबॉक्स ३६० वर आला, संगणकावर पुढच्या जानेवारीत. नायिका फेथ पाळतीखालच्या एका चकचकीत पांढऱ्या शहरात छतांवरून निरोप पोचवते. ज्या पाइपावर, दारावर किंवा फळीवर तिला जायचे असते ते लाल रंगाने उठून दिसते. बंदूक हिसकावून घेता येते, पण गोळ्या भरता येत नाहीत. संपल्या की टाकून द्यायची. एकही शत्रू गोळीने न मारता खेळ पुरा करणे हे त्यात मानाचे काम धरलेले आहे.

२०१६ चा 'मिरर्स एज कॅटलिस्ट' मोकळ्या शहरात घडतो आणि त्यात फेथ बंदूक हाती धरतच नाही. मात्र कुलाटी, झटक्यात वळणे अशा मूलभूत हालचाली आधी गुण मिळवून मग उघडाव्या लागतात. चालता येणाऱ्या माणसाला पुन्हा रांगायला लावण्याचा हा प्रकार, आणि त्यावर झालेली टीका रास्तच होती. पोलंडच्या टेकलँडने २०१५ साली 'डाइंग लाइट'मध्ये पार्कूरला झोंबींची जोड दिली. दिवसा छतावर सुरक्षित वाटते, रात्री नाही. त्याचा दुसरा भाग २०२२ मध्ये आला. पोलंडमधलाच 'घोस्टरनर' (२०२०) तलवारीचा आहे. एक वार लागला की मरण, आणि पापणी लवते न लवते तोच पुन्हा सुरुवात. 'टायटनफॉल'च्या दोन्ही भागांत (२०१४, २०१६) भिंतीवरून धावता येते, पण त्यांचा जीव गोळीबारात आहे. ते या प्रकाराचे चुलत भाऊ म्हणावेत.

हात काय करतात

नवखा माणूस या खेळाला उड्यांचा खेळ समजतो. खरे तर तो वेग सांभाळण्याचा खेळ आहे. 'मिरर्स एज'मध्ये फेथ उभ्या जागेवरून सुटते तेव्हा हळू असते. काही पावलांनी तिचा वेग चढतो, आणि प्रत्येक अडखळणे तो खाऊन टाकते. मोठी दरी ओलांडायची तर आधीची वाट स्वच्छ हवी. म्हणून उडी चुकते ती बहुतेकदा कडेवर नाही, तिच्या बरीच आधी, जिथे खांद्याने हवा नेणारा एक डक्ट घासलेला असतो तिथे.

कन्सोलवर यासाठी केलेली बटणांची मांडणी नीट पाहण्यासारखी आहे. बहुतेक खेळांत उडी अंगठ्याच्या बटणावर असते. पण उजवा अंगठा नजर फिरवणाऱ्या काडीवर, म्हणजे कंट्रोलरवरच्या छोट्या दांडीवर (स्टिकवर), ठेवला तरच कुठे जायचे ते दिसते, आणि उडीसाठी तो उचलला की ऐन वेळी डोळे बांधल्यासारखे होते. 'मिरर्स एज'च्या कर्त्यांनी म्हणून मुख्य हालचाली तर्जनीकडे, म्हणजे कंट्रोलरच्या पुढच्या कडेवरच्या एल (डावीकडच्या) आणि आर (उजवीकडच्या) बटणांकडे दिल्या. प्लेस्टेशन ३ वर एल१ म्हणजे वर जाण्याचे सगळे: उडी, चढण, भिंतीवरून धाव. एल२ म्हणजे खाली जाण्याचे सगळे: वाकणे, घसरणे, कुलाटी, आणि हवेत असताना पाय पोटाशी घेऊन कुंपण चुकवणे. आर१ ने झटक्यात मागे वळता येते, आर२ ने ठोसा किंवा लाथ. पुढे 'डाइंग लाइट'नेही उडी आर१ वर ठेवली. माउसने मनगटाच्या एका हिसक्यात मागे पाहता येते. काडीला तेवढा वेळ मिळत नाही, म्हणून वळण्याला वेगळे बटण द्यावे लागले. कन्सोलची उणीव झाकायला केलेली ही सोय पुढे खेळाचे सर्वांत देखणे अंग ठरली, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

ते अंग असे दिसते. समोर बोळ, पलीकडे उंच भिंत, डावीकडे दुसरी भिंत. डावा अंगठा काडी पूर्ण पुढे रेटतो. डाव्या भिंतीकडे तिरके जात एल१ दाबून धरायचे. जग उजवीकडे कलते, पावलांचा आवाज बदलतो, फेथ भिंतीवरून धावत असते. वेग ओसरायच्या आत आर१. नजर भिंतीपासून काटकोनात वळते आणि आता समोर बोळापलीकडचा कठडा असतो. लगेच पुन्हा एल१. हवेत उजव्या अंगठ्याने नजर किंचित खाली, उतरण्याची जागा दिसेपर्यंतच. पाय टेकण्याच्या जरा आधी एल२. जग एकदा उलटेपालटे होते आणि वेग न मोडता धाव चालू राहते. एल२ उशिरा पडला तर गुडघे, कण्हणे, आणि मागून गोळ्या. हे सगळे लिहायला एवढ्या ओळी लागल्या. खेळताना त्याला दोन-तीन श्वास पुरतात.

कुलाटीबाबत खेळ फार उदार आहेत. दोन मजल्यांच्या घराच्या गच्चीवरून, म्हणजे साधारण ६ मीटरवरून पडणारे शरीर सुमारे १.१ सेकंदात जमिनीला टेकते, तेव्हा त्याचा वेग ताशी ३९ किलोमीटरच्या आसपास असतो. पडद्यावर एवढे पडणे बोटाच्या एका दाबावर निभावते.

पडद्याकडे पाहणारे जाणकार नवख्याला एकच गोष्ट ओरडून सांगतात: 'खाली काय बघायलास? पुढं बघ की!' त्यात तथ्य आहे. पायाखालचे छत पाहणारा कायम एक उडी उशिरा असतो. सरावलेला खेळाडू या छतावर पाय ठेवतो तेव्हा त्याची नजर पुढच्या छताच्याही पलीकडे पोचलेली असते. 'मिरर्स एज'मध्ये वाट सुचेनाशी झाली तर गोल चिन्हाचे बटण दाबायचे. नजर आपोआप मुक्कामाच्या दिशेला वळते.

मळमळ आणि उशीर

हा प्रकार सगळ्यांना सोसत नाही. डोळे सांगतात की आपण पळतोय, कुलाट्या घेतोय. कानाच्या आतले तोल सांभाळणारे इंद्रिय सांगते की आपण सतरंजीवर बसलोय. या भांडणात काहींना गरगरते, मळमळते. 'मिरर्स एज'मध्ये पडद्याच्या मध्यावर एक छोटा ठिपका ठेवलेला आहे तो नेम धरण्यासाठी नव्हे, नजरेला खुंटी म्हणून. खोलीत दिवा चालू ठेवणे, टीव्हीपासून लांब बसणे आणि सेटिंगमध्ये कॅमेऱ्याचे हलणे कमी करणे याचा उपयोग होतो. बस लागणाऱ्यांनी पहिल्या दिवशी थोडक्यात आटोपलेले बरे.

उशिराचा प्रश्न वेगळा. चित्र सेकंदाला ३० वेळा बदलत असेल तर दोन चित्रांत सुमारे ३३ मिलिसेकंद जातात, ६० वेळा बदलत असेल तर १७. त्यात टीव्ही चित्र सुधारण्यासाठी आपला वेळ घेतो तो निराळा. मालिका पाहताना तो कळत नाही, कुलाटीत कळतो. बटण वेळेवर दाबूनही गुडघे फुटत असतील तर आधी टीव्हीचा गेम मोड, म्हणजे हा उशीर कमी करणारी सेटिंग, चालू आहे का ते पाहावे.

मराठवाड्यात

माळवद म्हणजे लाकडी तुळयांवर मातीचा जाड थर देऊन केलेले सपाट छत. जुन्या गावठाणात घराला घर लागून, मध्ये जेमतेम बोळ. कुरडया-पापड वाळायचे ते माळवदावर, उन्हाळ्यात झोपायचे तिथेच, आणि पतंगामागे पोरे या घरावरून त्या घरावर जायची तीही तिथूनच. खालून म्हातारी ओरडायची ते माती गळते म्हणून, पोर पडेल म्हणून नव्हे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात दगडमातीच्या भिंती आणि त्यांवरची ही जड छते कोसळून हजारो माणसे गेली. त्यानंतर लातूर-धाराशिवकडच्या अनेक गावांत माळवद मागे पडले आणि स्लॅब किंवा पत्रे आले. त्यामुळे आज कंट्रोलर धरणाऱ्या पोराच्या डोक्यातले छत वेगळे आहे: काळी टाकी, डिश, सोलरच्या नळ्या, दोरीवरचे कपडे आणि पुढचा मजला कधीतरी चढवू म्हणून सोडलेल्या गंजक्या सळया. फेथच्या शहरातल्या छतांवर सळया नाहीत. तिथे कुणाचेही बांधकाम अर्धवट राहिलेले नाही.

शरीराच्या अंगाने या खेळाशी खरे नाते आहे ते खो-खोचे. धाराशिव हा त्याचा बालेकिल्ला. तिथल्या सारिका काळे भारतीय महिला संघाच्या कर्णधार होत्या आणि २०२० साली त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. खो मिळून उठलेल्या आक्रमकाने एकदा दिशा धरली की खांबापर्यंत ती बदलता येत नाही. भिंतीवरच्या धावेचेही तसेच आहे. चढलात की निर्णय झालेला असतो. मैदानावर खेळलेल्या मुलामुलींना ही शिस्त नव्याने शिकवावी लागत नाही, बटणे तेवढी शिकावी लागतात.

गावोगावी खेळ म्हणजे मोबाइलच. कन्सोल त्यामानाने थोड्या घरांत. छत्रपती संभाजीनगर, नांदेड, लातूर अशा शहरांत तो आढळतो तो नोकरदारांच्या घरी, दोघातिघांनी वर्गणी काढून घेतलेल्या विद्यार्थ्यांच्या खोलीवर, किंवा तासावर पैसे घेणाऱ्या गेम पार्लरमध्ये. पार्लरमध्ये मागणी असते ती दोघांनी मिळून खेळायच्या क्रिकेट-फुटबॉल-मारामारीला. एकट्याने खेळायचा, पहिला तासभर नुसते पडायला लावणारा पार्कूर गेम तिथे फारसा पुसला जात नाही. खोलीवर मात्र तो रंगतो. एक जण पडला की कंट्रोलर पुढच्याकडे, असा अलिखित नियम लावला की एकट्याचा खेळ चौघांचा होतो, आणि कॉटवर बसलेले तिघे प्रत्येक उडीला अंग आक्रसून घेतात.

मुलखाचा उन्हाळा यंत्राला मानवत नाही. प्लेस्टेशन ४ आणि ५ साठी कंपनीने सांगितलेली खोलीच्या तापमानाची मर्यादा ५ ते ३५ अंश सेल्सिअस आहे. मे महिन्यात मराठवाड्यात पारा चाळिशी सहज ओलांडतो. पंख्याचा आवाज चढतो, आणि कन्सोल टीव्हीच्या कपाटात कोंडलेला असेल तर यंत्र स्वतःहून बंद होते. कंट्रोलरचे दुखणे वेगळे. काडीची हालचाल मोजणारे आतले भाग झिजतात किंवा त्यांत धूळ जाते आणि अंगठा न लावताही काडी हलल्यासारखी वागते. इतर खेळांत हे चालून जाते. इथे उजव्या काडीत बिघाड असेल तर कड जोखताना नजर सरकत राहते, डाव्या काडीत असेल तर छतावर स्वस्थ उभे राहिलेले पात्र आपणहून दरीत चालत जाते. सेटिंगमध्ये काडीचा मृत टप्पा (डेड झोन), म्हणजे काडीची जेवढी हालचाल खेळ मोजतच नाही तो टप्पा, वाढवून काही दिवस काढता येतात, पण मग बारीक हालचाली बोथट होतात.

लाइट गेली तर शेवटच्या चेकपॉइंटपासून, म्हणजे खेळ आपोआप साठवला गेलेल्या जागेपासून, पुन्हा सुरुवात. या प्रकारात चेकपॉइंट जवळजवळ असतात, त्यामुळे तोटा थोडका. चिंता असते ती खेळ साठवला जात असतानाच वीज जाण्याची. इन्व्हर्टरवर टीव्ही आणि कन्सोल दोन्ही घेतलेले नसतील तर भारनियमनाच्या वेळापत्रकाकडे लक्ष ठेवूनच टाइम ट्रायलला, म्हणजे घड्याळाशी लावलेल्या शर्यतीला, हात घालतात.

जुनी डिस्क स्वस्तात मिळते म्हणून घेणाऱ्यांनी एक पाहावे. प्लेस्टेशन ३ ची 'मिरर्स एज'ची डिस्क प्लेस्टेशन ४ किंवा ५ वर चालत नाही. एक्सबॉक्स ३६० ची डिस्क मात्र एक्सबॉक्स वनमध्ये घातली की खेळ इंटरनेटवरून उतरवून घेता येतो, आणि नंतरही खेळताना डिस्क आत असावी लागते.