इको वेगळा, हॉलचं घुमणं वेगळं

आमच्या इकडे होम थिएटर आणला की पहिले माइकचं इकोचं बटण फुल फिरवतात आन् म्हणतात, पाहा भाऊ, आता कसं मोठ्या हॉलमधे बसल्यासारखं वाटून राह्यलं. पण हॉलमधे जे ऐकू येते ते इको नाहीच ना बापा.

स्वतः करून पाहा. गावच्या शाळेच्या लांब भिंतीसमोर वीस-पंचवीस मीटरवर उभं राहून एक कडक टाळी वाजवा. टाळी, मग जराशी गॅप, मग तीच टाळी परत, हा इको. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, म्हणजे भिंत १७ मीटरवर असली की जाऊन यायला ०.१ सेकंद लागतो आणि एवढ्या गॅपने कानाला दोन टाळ्या सुट्या कळतात. आता देवळाच्या रिकाम्या सभामंडपात तीच टाळी वाजवा. दुसरी टाळी येतच नाही, पहिलीच लांबत लांबत विरते, कारण खांब, छत, फरशी सगळीकडून आवाज इतका दाट परत येतो की एकेक वेगळा काढताच येत नाही. हे घुमणं, सेटिंगमधे याला रिव्हर्ब म्हणतात, आणि कॉन्सर्ट हॉलची सगळी मजा यात आहे.

अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठाच्या वॉलेस सॅबिन या शास्त्रज्ञाने १८९५ पासून हेच मोजलं. ऑर्गनची नळी वाजवून बंद करायची आणि आवाज विरायला किती वेळ लागतो ते पाहायचं, मग थिएटरच्या खुर्च्यांच्या गाद्या आणून टाकायच्या की वेळ कमी. त्याच्याच हिशोबावर १९०० मधे बॉस्टनचा सिम्फनी हॉल उभा राहिला, माणसं भरलेली असताना तिथे आवाज विरायला दोन सेकंदाच्या थोडं आत लागतं. आपल्या दहा बाय बाराच्या सामानाने भरलेल्या खोलीत तो अर्ध्या सेकंदाच्या आसपासच संपतो, म्हणून ते घुमणं सराउंड, म्हणजे बाजूच्या-मागच्या, स्पीकरमधून आणावं लागते.

आता खंजिरी भजन लावा. इको असला तर प्रत्येक थापेची दुसरी थाप दोन मात्रांच्या मधे येऊन पडते आणि लय पार बिघडते. रिव्हर्बमधे थाप जागेवरच राहते, फक्त तिच्यामागे आवाजाची शेपटी येते. सराउंड स्पीकर बसायच्या जागेच्या दोन्ही बाजूंना, जरासे मागे ठेवा, त्यांचा आवाज समोरच्यांपेक्षा २०-३० मिलिसेकंद उशिरा येऊ द्या, कारण जो आवाज आधी पोचतो तिकडेच कान दिशा धरतो आणि एवढा उशीर वेगळा कळत नाही. त्यांचा आवाज अगदी कमी, इतका की ते चालू आहेत हे कळू नये पण बंद केले की खोली एकदम लहान वाटली पाहिजे. मला विचाराल तर बहुतेक जण इथेच चुकतात, मागून गाणं ऐकू यायला लागलं की हॉल संपला.

आणि रेकॉर्डिंगच मंडपातलं असेल तर त्यात घुमणं आधीच आहे, वरून हॉल मोड, म्हणजे रिव्हर्बचं तयार सेटिंग, लावला तर शब्द कळत नाहीत. कीर्तनाला तर मी तो लावतच नाही.

नवीन टाइल्सच्या रिकाम्या खोलीत टाळी वाजवली की टर्रर्र असा आवाज येतो, दोन समोरासमोरच्या भिंतींत आवाज ये-जा करते म्हणून. तिथे कोणतंही सेटिंग चालत नाही. खाली सतरंजी टाका, एका भिंतीला जाड रजई टांगा, टर्रर्र गेला की मग रिमोट हातात घ्या.