पेटाबाइट व त्यापुढील एकके : परस्पररूपांतर

टेराबाइटच्या वरचा डेटा मोजण्याची एकके. चढत्या क्रमाने पेटाबाइट, एक्झाबाइट, झेटाबाइट, योटाबाइट, रोनाबाइट व क्वेटाबाइट अशी ही मालिका असून प्रत्येक एकक आधीच्याच्या हजारपट असते. पेटाबाइट म्हणजे १० चा १५ वा घात इतके बाइट, तर क्वेटाबाइट म्हणजे ३० वा घात. बाइट आता सर्वत्र ८ बिटांचा धरतात (बिट म्हणजे ० किंवा १ यांपैकी एक अंक). हा शब्द वर्नर बुकहोल्त्स यांनी १९५६ च्या सुमारास प्रथम वापरला असे सामान्यतः मानले जाते. त्या काळी एका बाइटात किती बिट हे ठरलेले नव्हते.

उपसर्ग वजने व मापे यांच्या सर्वसाधारण परिषदेने टप्प्याटप्प्याने स्वीकारले : पेटा व एक्झा १९७५ मध्ये, झेटा व योटा १९९१ मध्ये, रोना व क्वेटा नोव्हेंबर २०२२ मध्ये. शेवटच्या दोहोंचा प्रस्ताव ब्रिटनच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेतील रिचर्ड ब्राउन यांचा. ब्राँटोबाइट, हेलाबाइट ही नावे तोवर संगणकजगतात बोलली जात होती. त्यांना अधिकृत मान्यता कधीच नव्हती आणि रूपांतराच्या तक्त्यांत ती आढळल्यास त्यांवर विसंबू नये.

पायरी उतरताना हजाराने गुणावे, चढताना भागावे. मराठी लेखनात घोटाळा होतो तो उपसर्ग तीन शून्यांनी चढतात आणि लाख-कोटी दोन शून्यांनी, यामुळे. १ पेटाबाइट म्हणजे १० लाख गिगाबाइट. १ एक्झाबाइट म्हणजे १०० कोटी गिगाबाइट. १ झेटाबाइट म्हणजे १ लाख कोटी गिगाबाइट. भास्कराचार्यांच्या लीलावतीतील संख्यानामे लावायची तर पेटाबाइट हा एक अंत्य बाइट व एक्झाबाइट दहा परार्ध बाइट होतो. ती यादी परार्धापाशी संपते. त्यापुढे घातांकच सोयीचा.

खरा वाद हजार की १,०२४, हा आहे. स्मृतिचिपमध्ये पत्त्याची (साठवणीची जागा निवडणारी) एक रेषा वाढली की जागा दुप्पट होतात, म्हणून तिची क्षमता २ च्या घातांत येते आणि २ चा १० वा घात, १,०२४, हा हजाराच्या जवळचा. ‘के’ हे अक्षर १,०२४ साठी नेमके कोणी प्रथम योजले याविषयी एकमत नाही. १९६० च्या दशकात ते दोन्ही अर्थांनी छापले जात होते असे दिसते. डॉनल्ड मॉरिसन यांनी १९६८ मध्ये १,०२४ साठी ग्रीक कप्पा हे चिन्ह सुचवले होते, ते रुजले नाही. चुंबकीय तबकडीला २ च्या घातांचे असे बंधन नाही, त्यामुळे तिचे उत्पादक दशमान पद्धतीने मोजत राहिले. फ्लॉपीच्या ‘१.४४ मेगाबाइट’ मध्ये तर दोन्ही पद्धती मिसळल्या आहेत : १.४४ × १,००० × १,०२४, म्हणजे १४,७४,५६० बाइट.

आंतरराष्ट्रीय विद्युत्-तांत्रिक आयोगाने डिसेंबर १९९८ मध्ये द्विमान (२ च्या घातांतील) मोजणीसाठी किबी, मेबी, गिबी, टेबी, पेबी, एक्स्बी हे निराळे उपसर्ग मंजूर केले. झेबी व योबी २००५ मध्ये आले. १ पेबीबाइट म्हणजे १,१२,५८,९९,९०,६८,४२,६२४ बाइट. संगणकशास्त्रज्ञ डॉनल्ड क्नुथ यांना ही नावे रुचली नव्हती व त्यांनी ‘मोठा किलोबाइट’ असा पर्याय मांडला होता. तरीही आयोगाची विभागणी अधिक निःसंदिग्ध आहे आणि प्रस्तुत नोंदीत तीच पाळली आहे. दोन पद्धतींतील तफावत किलोच्या पायरीला २.४ टक्के, टेराला जवळपास १०, पेटाला १२.६, एक्झाला १५.३, तर योटाला २०.९ टक्के होते. टिळक रस्त्यावरच्या दुकानातून आणलेली १ टेराबाइटची डिस्क विंडोजवर ९३१ गिगाबाइट दिसते ती यामुळेच. विंडोज गिबीबाइट मोजून त्यापुढे गिगाबाइट लिहिते. डिस्कमधले काही हरवलेले नसते.

पुण्यात पेटाबाइटचा प्रत्यक्ष संबंध येतो तो प्रामुख्याने हवामानशास्त्र व खगोलशास्त्र यांत. पाषाण येथील भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतील ‘अर्क’ या महासंगणकाची (उद्घाटन सप्टेंबर २०२४) साठवणक्षमता ३३ पेटाबाइट जाहीर झाली आहे. दशमान अर्थाने ते ३३,००० टेराबाइट, म्हणजे ३.३ कोटी गिगाबाइट; द्विमानात २९.३१ पेबीबाइट. हाच आकडा चुकून द्विमान समजून बाइटांत मांडला, तर ४ पेटाबाइटांहून अधिक जागा नुसती कागदावर वाढते. याच संगणकाचा ११.७७ पेटाफ्लॉप्स हा आकडा गणनाच्या वेगाचा आहे. उपसर्ग एकच असला तरी त्याचे पेटाबाइटात रूपांतर होत नाही.

प्रेषणाचा वेग बिटांत व नेहमी दशमानात सांगतात. रोमन लिपीत लहान-मोठ्या अक्षराने बिट व बाइट वेगळे राहतात. देवनागरीत दोहोंचे ‘बी’ होते. म्हणून ‘जीबीपीएस’ न लिहिता ‘गिगाबिट प्रतिसेकंद’ असे पूर्ण लिहावे. १ गिगाबिट प्रतिसेकंद वेगाने १ पेटाबाइट पाठवण्यास ८० लाख सेकंद, म्हणजे साडेब्याण्णव दिवस लागतात; पेबीबाइट असेल तर १०४ दिवस. पुण्यातील राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्र ज्या स्क्वेअर किलोमीटर ॲरे या आंतरराष्ट्रीय रेडिओ दुर्बीण प्रकल्पातील भारतीय सहभागाचे नेतृत्व करते, त्याच्या दुर्बिणींतून दरवर्षी सुमारे ७०० पेटाबाइट, म्हणजे ०.७ एक्झाबाइट, डेटा जतन होईल असा अंदाज आहे. तो दिवसाला २ पेटाबाइटांच्या किंचित खाली येतो आणि वाहून न्यायचा तर १७५ गिगाबिट प्रतिसेकंदाहून थोडा अधिक वेग वर्षभर अखंड लागेल.