वृद्ध रुग्ण आणि केमोथेरपी : वयाच्या अटीची पार्श्वभूमी

‘या वयात केमो सोसवणार नाही’ हे वाक्य आजही सर्रास ऐकू येते. मात्र ते ज्या पुराव्यावर उभे आहे, तो पुरावा गोळा करताना वृद्धांना बहुतांशी दाराबाहेरच ठेवण्यात आले होते. केमोथेरपीचे बरेच प्रचलित डोस रुग्णांवरील ज्या वैद्यकीय चाचण्यांतून ठरले, त्यांपैकी अनेकींमध्ये 65 किंवा 70 वर्षांवरील व्यक्तींना प्रवेशच नव्हता. अमेरिकेत 1993 ते 1996 दरम्यान झालेल्या 164 चाचण्यांचा आढावा 1999 मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा असे दिसले की देशातील कर्करोग रुग्णांपैकी 63 टक्के 65 वर्षांचे किंवा त्याहून मोठे असताना चाचण्यांत त्यांचा वाटा जेमतेम 25 टक्के होता.

खरा गुंता ‘वृद्ध’ या शब्दाचाच आहे. लिम्फोमाच्या, म्हणजे लसिका संस्थेच्या कर्करोगाच्या, अभ्यासांत ही रेषा बहुधा साठीला, स्तनाच्या कर्करोगात पासष्टीला आणि फुप्फुसाच्या कर्करोगात सत्तरीला ओढली जाते. आपल्याकडे 2007 च्या कायद्यानुसार साठ वर्षे पूर्ण झाली की माणूस ज्येष्ठ नागरिक ठरतो. त्यामुळे ‘वृद्धांमध्ये हे औषध चालते’ या विधानातला वृद्ध नेमका कोण, हे दर वेळी तपासावे लागते. जन्मतारखेवरून आखलेली ही रेषा सोयीची असली, तरी तिने रुग्णांवर अन्यायच केला, असे म्हणणे भाग आहे. फ्रान्सच्या पुढाकाराने झालेल्या आणि 2002 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत 60 ते 80 वयोगटातील 399 लिम्फोमा रुग्ण होते. नेहमीच्या केमोथेरपीला रिटुक्सिमॅब या प्रतिपिंड (अँटिबॉडी) प्रकारच्या औषधाची जोड दिल्यावर दोन वर्षांनी हयात असलेल्यांचे प्रमाण 57 वरून 70 टक्क्यांवर गेले. वय आड आले नाही.

याचा अर्थ वयाने काहीच बदलत नाही, असा मुळीच नाही. 80 वर्षांच्या, 45 किलो वजनाच्या आजींच्या रक्ताच्या रिपोर्टमध्ये क्रिएटिनिन (मूत्रपिंड रक्तातून गाळून टाकते तो टाकाऊ घटक) 1 मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर आले, तर तो आकडा ‘नॉर्मल’ वाटतो. पण वय आणि वजन धरून प्रचलित सूत्राने हिशेब केला की मूत्रपिंडाची क्षमता मिनिटाला सुमारे 32 मिलिलिटर एवढीच निघते, आणि मूत्रपिंडावाटे बाहेर पडणाऱ्या औषधाचा डोस त्यानुसार बदलावा लागतो.

अशा बारकाव्यांमुळेच 2018 मध्ये अमेरिकेतील मार्गदर्शक सूचनांनी केमोथेरपी घेणाऱ्या 65 वर्षांवरील रुग्णांची चालणे, पोषण, स्मरणशक्ती, पडण्याचा इतिहास, मनःस्थिती आणि इतर आजार यांची पद्धतशीर तपासणी सुचवली. याच वर्षी मुंबईतील एका मोठ्या कर्करोग रुग्णालयातही वृद्धांसाठी स्वतंत्र बाह्यरुग्ण विभाग सुरू झाला. पुढे 2021 मध्ये सत्तरी ओलांडलेल्या 718 रुग्णांच्या अभ्यासात अशा तपासणीचा गोषवारा डॉक्टरांच्या हाती दिल्यावर गंभीर दुष्परिणाम 71 वरून 51 टक्क्यांवर आले. अनेकांचे डोस सुरुवातीलाच कमी केले गेले होते, तरीही जगण्याच्या कालावधीत लक्षणीय फरक पडला नाही.