घरकुल व्यवस्थापन (खानदेश)

कमी उत्पन्नाच्या कुटुंबाला सरकारी अनुदानातून घर मंजूर करणे, ते बांधून पुरे होईपर्यंत पाठपुरावा करणे आणि राहायला आलेले कुटुंब तिथे टिकावे म्हणून जागा, पाणी, वीज, रोजगार व आरोग्य यांची सोय लावणे, या सगळ्या कामांना मिळून घरकुल व्यवस्थापन म्हणता येईल. जळगाव, धुळे व नंदुरबार या तीन जिल्ह्यांत हे काम मुख्यतः जिल्हा ग्रामीण विकास यंत्रणा, पंचायत समित्या, आदिवासी विकास प्रकल्प कार्यालये आणि नगरपालिका-महापालिका यांच्याकडे आहे. पूर्ण झालेल्या घराचा फोटो संगणकावर चढला की त्या घराची नोंद बंद होते. कुटुंबाच्या बाजूने पाहिले तर खरी कसोटी तिथून पुढे सुरू होते, आणि खानदेशात ती मंजुरीच्या आधीपासूनच सुरू झालेली असते.

योजनांची नावे अनेक असली तरी साचा एकच आहे. १९८५ साली सुरू झालेल्या इंदिरा आवास योजनेची जागा २०१६ पासून प्रधानमंत्री आवास योजना-ग्रामीण हिने घेतली. तिच्या जोडीला राज्याच्या योजना आहेत: अनुसूचित जाती व नवबौद्धांसाठी रमाई आवास, अनुसूचित जमातींसाठी शबरी आदिवासी घरकुल, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत, इतर मागासवर्गीयांसाठी २०२३ पासून मोदी आवास. नंदुरबार जिल्ह्यात दोनतृतीयांशाहून अधिक लोकसंख्या आदिवासी असल्याने तिथे पंतप्रधान आवास आणि शबरी यांचाच भरणा मोठा. ग्रामीण घराला मूळ अनुदान १ लाख २० हजार रुपये, शौचालयाचे १२ हजार वेगळे आणि रोजगार हमीतून साधारण ९० दिवसांची मजुरी. केंद्राचा वाटा ६० टक्के, राज्याचा ४०. २०२५ मध्ये राज्याने योजनेच्या दुसऱ्या टप्प्यासाठी ५० हजारांची भर जाहीर केली, त्यातले १५ हजार छतावरच्या सौर यंत्रणेसाठी.

मंजुरीचा प्रवास ग्रामसभेतून जातो. २०११ च्या सामाजिक-आर्थिक जनगणनेची यादी आणि नंतरचे ‘आवास प्लस’ सर्वेक्षण यांतून प्राधान्यक्रम ठरतो, ग्रामसभा नावे तपासते, पंचायत समितीतून मंजुरी निघते आणि पैसे आधार जोडलेल्या बँक खात्यात हप्त्याहप्त्याने येतात. पहिला हप्ता कामाला हात घालण्यापुरता. पुढचे हप्ते जोते, छज्जा आणि छत अशा टप्प्यांवर. प्रत्येक टप्प्याला ग्रामीण गृहनिर्माण अभियंता जागेवर येऊन लाभार्थ्यासह घराचा फोटो काढतो व त्या ठिकाणाचे अक्षांश-रेखांश नोंदवतो. पुढचा हप्ता या फोटोवर सुटतो. सातपुड्यात तोरणमाळच्या पलीकडे मोबाइलला रेंज नसते, मग फोटो फोनमध्येच ठेवून धडगावला आल्यावर चढवावे लागतात. पैसे रोखीने हातात देण्याच्या काळापेक्षा ही पद्धत निश्चितच बरी आहे. मधल्या माणसाला आता शिरायला जागा कमी उरली. पण ती एक गोष्ट गृहीत धरते: हप्ता सुटेल तेव्हा घरमालक गावात असेल.

खानदेशातल्या हजारो कुटुंबांच्या बाबतीत हेच गृहीत चुकते. दिवाळी झाली की अक्कलकुवा, अक्राणी, तळोदा, नवापूर या भागांतून कुटुंबेच्या कुटुंबे गुजरातेत ऊसतोडीला किंवा सुरतेकडे बांधकामाला जातात. चाळीसगाव-पारोळ्याकडचे मजूर राज्यातल्या साखर कारखान्यांची वाट धरतात. मुकादमाकडून, म्हणजे मजूर पुरवणाऱ्या ठेकेदाराकडून, पावसाळ्यातच उचल (आगाऊ मजुरी) घेतलेली असते आणि ती फिटेपर्यंत कोयता खाली ठेवता येत नाही. नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे मागे घरी थांबायला उरतात म्हातारी माणसे. मंजुरीचे पत्र नेमके हिवाळ्यात हाती आले तर पाया खणायला माणूस नाही, पहिला हप्ता खात्यात पडून, आणि कार्यालयाच्या तक्त्यात ते घर ‘सुरू न झालेले’ म्हणून लाल रंगात. वसुलीच्या नोटिसाही निघतात. अशा कुटुंबाने अनुदान बुडवले असे म्हणणे अन्यायाचे आहे. बहुतेकदा त्याने उचल फेडण्याला अग्रक्रम दिलेला असतो, कारण मुकादमाचे देणे थांबत नाही.

मजूर परततात ते होळीला. भोंगऱ्या बाजार आणि काठीची राजवाडी होळी यांसाठी भिल्ल-पावरा माणूस कुठेही असला तरी हमखास येतो. घरकुलाचा खरा हंगाम इथून सुरू होतो आणि मृगाच्या पावसापर्यंत चालतो, जेमतेम तीन महिने. या तीन महिन्यांत सगळ्यांनाच गवंडी हवा असतो, सगळ्यांनाच वाळू हवी असते, आणि विटांचा भाव चढतो. ज्या ग्रामपंचायती होळीच्या आधीच जागेची आखणी, रोजगार हमीचे हजेरीपट आणि साहित्याची मागणी तयार ठेवतात, तिथे पावसाआधी छत पडते. ज्या परतीनंतर कागद गोळा करायला बसतात, तिथे उघड्या भिंतींवर एक पावसाळा जातो. अनुदानाच्या रकमेइतकेच हे वेळापत्रक महत्त्वाचे आहे, आणि ते दिल्ली-मुंबईतून ठरू शकत नाही. मैदानी भागात असाच दुसरा दिवस आखाजीचा. सालदाराचे, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राहिलेल्या शेतगड्याचे, साल अक्षय्य तृतीयेला बदलते. मालकाच्या मळ्यातल्या खोलीत राहणाऱ्या कुटुंबाचे छप्पर साल सुटले की सुटते, म्हणून त्याचे नाव कोणत्या गावच्या यादीत घ्यायचे हाच पहिला वाद होतो.

त्यानंतरचा वाद जागेचा. अनुदान घरासाठी आहे, जमिनीसाठी नाही. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर जागा नावावर नसेल तर मंजुरी अडते. गायरानावरची राहती अतिक्रमणे नियमित करण्याचे निर्णय झाले आहेत आणि पंडित दीनदयाळ उपाध्याय योजनेतून ५०० चौरस फुटांपर्यंत जागा घ्यायला साहाय्य मिळते. ते आधी ५० हजार होते, पुढे १ लाख झाले. मोठ्या रस्त्यालगतच्या गावांत तेवढ्यात जागा येत नाही. भटक्या-विमुक्तांच्या मुक्त वसाहतीत प्रत्येक कुटुंबाला ५ गुंठे जमीन व २६९ चौरस फुटांचे घर अशी तरतूद आहे. कागदावरची ही सर्वांत उदार योजना, पण एकत्र मोकळी जमीन शोधण्यातच तिची वर्षे जातात. सातपुड्यात अडचण वेगळी: वनहक्काचा पट्टा शेतीसाठी मिळालेला, घर त्याच शेताच्या कडेला, आणि वनगावांना महसुली दर्जा मिळण्याचे काम वर्षानुवर्षे रेंगाळलेले.

घराच्या आकाराचीही इथे नीट चर्चा व्हायला हवी. नियमाने घर किमान २५ चौरस मीटरचे, स्वयंपाकाच्या जागेसह. पावऱ्याचे जुने घर लाकडी खांबांचे, बांबूच्या कुडाला आतबाहेर शेणमातीचा लेप, वर कौले, आणि एका बाजूला गुरांची जागा. घरे एकमेकांना खेटून नसतात, ज्याच्या त्याच्या शेतात डोंगरउतारावर विखुरलेली असतात. सिमेंट, सळई, वाळू गाडीरस्त्यापासून डोक्यावर चढवावी लागते आणि तो खर्च अंदाजपत्रकात धरलेला नसतो. गुरांना जागा नाही म्हणून नव्या घरालगत जुने कुडाचे घर तसेच राहते. हे पाहून ‘घरकुलात कोणी राहतच नाही’ असा शेरा मारणाऱ्यांनी दोन्ही घरे मिळून एक कुटुंब राहते हे लक्षात घ्यावे. खाली तापीच्या खोऱ्यात प्रश्न उन्हाचा. धाब्याच्या घरावर पांढऱ्या मातीचा जाड थर असे, तो दुपारी आत गारवा ठेवी. जळगाव-भुसावळचा पारा मे महिन्यात ४५ अंशांपलीकडे जातो तेव्हा पातळ स्लॅब मध्यरात्रीपर्यंत तापलेला राहतो. स्लॅबवर चुन्याचा पांढरा हात, समोरासमोर खिडक्या आणि दारापुढे पडवी या तीन गोष्टींनी खूप फरक पडतो. पडवी मात्र अनुदानात बसत नाही. २०२०-२१ च्या महाआवास अभियानात तालुक्याच्या ठिकाणी नमुन्याची घरे उभारली गेली, महिला बचत गटांची घरकुल मार्ट (बांधकाम साहित्याची दुकाने) निघाली, गवंड्यांच्या ४५ दिवसांच्या प्रशिक्षणालाही जोर मिळाला. यातले गवंडी प्रशिक्षण सर्वांत उपयोगी ठरावे, कारण स्थलांतर करणाऱ्याच्या हाती गावातच चालणारा धंदा येतो. घरकुलाला ५ ब्रास वाळू मोफत देण्याचे धोरणही आहे. गिरणा नदीची वाळू ट्रॅक्टरने राजरोस जाते त्या भागात गरिबाला ती पासावर वेळेत मिळणे हे तहसील कार्यालयाच्या तत्परतेवर अवलंबून असते.

निवासाला सोयींची जोड किती असावी याचे लेखी माप खानदेशाच्या हद्दीत एकदा ठरलेले आहे. नर्मदा पाणीतंटा लवादाने १९७९ च्या निवाड्यात सरदार सरोवराच्या विस्थापितांसाठी प्रत्येक कुटुंबाला ६० बाय ९० फुटांचा घरप्लॉट सांगितला, शंभर कुटुंबांमागे एक प्राथमिक शाळा, पन्नास कुटुंबांमागे गुरांना पाणी पाजायच्या हाळासह पिण्याच्या पाण्याची एक विहीर, पाचशे कुटुंबांमागे दवाखाना, पंचायत घर आणि तलाव. महाराष्ट्रातील ३३ बाधित गावे अक्राणी व अक्कलकुवा तालुक्यांतली. त्यांच्या वसाहती तळोदा-शहादा पट्ट्यात बसल्या. गुरांच्या हाळापर्यंत विचार करणारा हा निवाडा आजही घरकुलांच्या नियोजनाला मोजपट्टी म्हणून वापरण्याजोगा आहे. तो अमलात यावा म्हणून लोकांना कित्येक वर्षे लढावे लागले, आणि त्या लढ्यातूनच वसाहतीत काय कमी आहे हे मोजून सांगण्याची सवय इथल्या गावांना लागली.

शहरांत चित्र पुष्कळ वेगळे. प्रधानमंत्री आवास योजना-शहरी २०१५ मध्ये आली, स्वतःच्या जागेवर ३० चौरस मीटरपर्यंतचे घर बांधणाऱ्याला केंद्राचे दीड आणि राज्याचा एक असे अडीच लाख मिळू लागले. जळगाव शहरात त्याच्या खूप आधी, १९९० च्या दशकात, नगरपालिकेने कर्ज काढून हजारो घरकुले बांधायला घेतली होती. ती अर्धवट राहिली, २००६ मध्ये गैरव्यवहाराची फिर्याद दाखल झाली आणि २०१९ मध्ये धुळ्याच्या विशेष न्यायालयाने ४८ जणांना शिक्षा सुनावल्या. निकालाविरुद्ध आरोपी उच्च न्यायालयात गेले. या प्रकरणात लोकांचे लक्ष शिक्षा झालेल्यांच्या नावांकडे गेले ते स्वाभाविक. पण सार्वजनिक कर्जाचे हप्ते शहर भरत राहते आणि घर मागणारा झोपडीतच राहतो, हा तोटा कोणत्याही दंडातून भरून निघत नाही.

बहुमजली घरकुलांत पुढे देखभालीचा प्रश्न येतो. पाण्याची मोटर, जिन्यातले दिवे, सांडपाण्याची टाकी यांचा खर्च महिन्याला वर्गणीने भागवायचा असतो, आणि रोजंदारीवरच्या कुटुंबाला ती वर्गणी महिन्याऐवजी आठवड्याच्या बाजाराच्या दिवशी देणे सोपे जाते. मोटर जळल्यावर वर्गणी काढणाऱ्या इमारतींपेक्षा थोडी थोडी शिल्लक ठेवणाऱ्या इमारती चांगल्या टिकतात. घर पती-पत्नीच्या संयुक्त नावावर किंवा बाईच्या नावावर असावे या अटीचा फायदाही इथे दिसतो. रहिवासी समितीत बायका असल्या की पाण्याचा प्रश्न बैठकीत पहिला येतो.

ज्यांना घरच नाही त्यांच्यासाठी शहरी बेघर निवारा केंद्रे आहेत. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१० च्या आदेशांनंतर लाख लोकवस्तीमागे शंभर जणांचा एक निवारा असे माप ठरले. पुढे राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात माणशी ५० चौरस फूट जागा, दिवसरात्र खुले दार, स्त्रियांची वेगळी सोय हे निकष आले. चालवायला संस्था किंवा बचत गट नेमतात. भुसावळ जंक्शनवर उतरलेला आजारी माणूस, मुलांनी सोडलेली म्हातारी, हंगाम संपल्यावर मुकादमाने पैसे न देता सोडलेला मजूर, असे लोक तिथे येतात. काळजीवाहकाचे काम रात्री अंथरूण देण्यापुरते नसते. आल्यागेल्याची नोंद ठेवणे, पोलिसांना कळवणे, सिव्हिल हॉस्पिटलला नेणे, गावाकडे फोन लावणे आणि आधार कार्ड काढून देणे हे सारे त्याच्याच अंगावर असते. त्या कार्डावर निवाऱ्याचा पत्ता लागला की रेशन व संजय गांधी निराधार योजनेच्या दरमहा १,५०० रुपयांसाठी अर्ज करता येतो.