भू-उष्णता पंप (खानदेशातील घरांसाठी)
घरातली उष्णता जमिनीत सोडणारे, किंवा हिवाळ्यात जमिनीतली घरात आणणारे यंत्र. कॉम्प्रेसर फ्रीजसारखाच, उष्णता मात्र बाहेरच्या हवेऐवजी जमिनीत पुरलेल्या पाइपांमधल्या पाण्याला दिली जाते. याचे पेटंट स्विस अभियंता हाइन्रिक झोएली यांनी 1912 मध्ये घेतले. चोपडा तालुक्यातील उनपदेवसारखा गरम झरा त्यासाठी लागत नाही. साधी जमीन चालते.

काही मीटर खाली जमिनीचे तापमान वर्षभर फारसे हलत नाही. ते त्या भागातील हवेच्या वार्षिक सरासरीच्या आसपास असते. तापी खोऱ्यात ते साधारण 27-28 अंश भरते. मे महिन्यात भुसावळचा पारा 45 ला टेकतो, तेव्हा एवढा फरकही कामाचा. अडचण पुढे येते. घर तापवायची गरज इथे जेमतेम, त्यामुळे उन्हाळाभर जमिनीत सोडलेली उष्णता परत काढली जात नाही. पाइप तोकडा असेल तर बोअरभोवतीची जमीन वर्षागणिक तापत जाते आणि विजेचे बिल वाढते. थंड देशांतले हिशेब इथे जसेच्या तसे लावू नयेत. घरातून काढलेली थोडी उष्णता आंघोळीच्या पाण्याकडे वळवली, तर जमिनीवरचा भार तेवढाच हलका होतो.

पैसा मुख्यतः खोदाईत जातो. एक टन गारव्याला (3.5 किलोवॅट) ढोबळमानाने 50 ते 60 मीटर बोअर धरतात, उष्ण भागात त्याहून जास्त. बोअरच्या गाड्या खानदेशाला नवीन नाहीत आणि ठिबकच्या धंद्यामुळे पाइप जळगावातच बनतो. पाणी न लागलेला बोअरही वापरता येतो. फक्त पाइपभोवतीची पोकळी बेंटोनाइटच्या (पाण्याने फुगणाऱ्या चिकणमातीच्या) गाऱ्याने नीट भरली पाहिजे, कारण हवा राहिली की उष्णता अडते. बोअरऐवजी पाइप पुरायला उथळ चर खणला तर स्वस्त पडतो, पण काळी माती उन्हाळ्यात भेगाळून पाइपपासून सुटते, तीही नेमक्या गरजेच्या दिवसांत. चरात पाइपभोवती वाळू भरून मोरीचे पाणी वर सोडले, तर ओल टिकते. विहिरीच्या पाण्यात पाइपचे वेटोळे सोडणे सर्वांत सोपे; मात्र यावल-रावेरच्या केळीपट्ट्यात पाणी इतके खोल गेले आहे, की तिथे ते भरवशाचे नाही.

खरा स्पर्धक कूलर. कोरड्या एप्रिल-मेमध्ये तो भागवतो, जूनच्या दमट हवेत हरतो. तेवढ्या दिवसांसाठी एका घराने बोअर मारणे परवडत नाही. दोन-चार घरांनी सामाईक बोअर घेतला तर गाडी बोलावण्याचा खर्च वाटला जातो. जाड मातीच्या धाब्याच्या घराला लहान पंप पुरतो. उघड्या स्लॅबला आधी पांढरा रंग आणि सावली द्यावी, मग टनाचा हिशेब करावा.