अर्धी राहिलेली राजधानी: बांडुंगच्या गल्ल्यांमागची गोष्ट

शाळेच्या पुस्तकात इंडोनेशियातलं बांडुंग एका ओळीत येतं आणि संपतं: १९५५, आशिया-आफ्रिका परिषद, नेहरू, सुकार्नो, चाऊ एन लाय. पर्यटकांचं बांडुंग वेगळं. तांगकुबान पराहूचा ज्वालामुखी, जीन्सची दुकानं, थंड हवा. २००५ मध्ये जाकार्ताहून द्रुतगती मार्ग आला आणि शनिवार-रविवारची गर्दी ठरावीक चार ठिकाणी जाऊ लागली. समुद्रसपाटीपासून सुमारे ७७० मीटरवरच्या या शहरात बाकी जे आहे ते पायी फिरणाऱ्यालाच सापडतं. ते तिथे का आहे, हे कळायला दोनशे वर्षं मागे जावं लागतं.

हे शहर रस्त्यामुळे जन्मलं. १८०८ मध्ये डच वसाहतीचा गव्हर्नर-जनरल होऊन आलेल्या डांडेल्सने जावा बेटाच्या पश्चिम टोकापासून पूर्वेपर्यंत, अन्येर ते पानारुकान, सुमारे हजार किलोमीटरचा टपालरस्ता वेठबिगारीने बांधून घेतला. त्यात किती माणसं मेली याचा धड हिशोब कुणी ठेवला नाही. इथल्या सुंदानी (पश्चिम जावातले मूळ लोक) सरदाराची, म्हणजे रीजंटची गादी तेव्हा दक्षिणेला क्राप्याकला होती. ती रस्त्यालगत हलवण्याचा हुकूम निघाला आणि त्याची तारीख, २५ सप्टेंबर १८१०, हाच शहराचा वाढदिवस ठरला. डांडेल्सने जमिनीत काठी रोवून ‘मी परत येईन तेव्हा इथे शहर दिसलं पाहिजे’ असं फर्मावल्याची आख्यायिका बांडुंगकर हौसेने सांगतात. त्या जागी, आजच्या आशिया-आफ्रिका रस्त्यावर, शून्य किलोमीटरचा दगड आहे. त्याच्या एका बाजूला ‘सीएलएन १८’, दुसऱ्या बाजूला ‘पीडीएल १८’ असं कोरलंय: चिलेउन्यी गाव अठरा किलोमीटर, पादालारांग अठरा. शेजारी रस्ते दाबायचा जुना रोलर ठेवलाय. लोक त्याच्यासमोर फोटो काढतात, दगड वाचत नाहीत.

डच सरकारचा जीव इथल्या कॉफीत होता. पिकवायची सक्ती, विकायची फक्त सरकारला, भाव सरकार ठरवणार. डोंगरातल्या या प्रियांगन प्रांतात परक्यांना मुक्त प्रवेशही १८५२ पर्यंत नव्हता. आज जिथे नगरपालिकेची पांढरी इमारत आणि बाग आहे तिथे कॉफीचं गोदाम होतं. १८८४ मध्ये रेल्वे आली आणि रुळांनी शहराचे दोन तुकडे केले. उत्तरेला युरोपियनांचे बंगले, झाडं, रुंद रस्ते; दक्षिणेला सुंदानी, चिनी, अरब वस्त्या आणि बाजार. आजही रूळ ओलांडले की रस्त्यांची रुंदी बदलते.

मग आलं राजधानीचं वेड. बटाव्हियाची, म्हणजे आजच्या जाकार्ताची, दमट हवा रोगट आहे, कारभार डोंगरावर न्यावा, असं १९१६ च्या सुमारास आरोग्यतज्ज्ञ टिलेमाने सुचवलं आणि सरकारने ते मनावर घेतलं. युद्धखातं आलं, रेल्वेचं मुख्यालय आलं, १९२० मध्ये तंत्रविद्यालय निघालं. त्याच वर्षी गेदुंग साते या सरकारी कचेरीची पायाभरणी झाली. छपरावरचा कळस सातेच्या, म्हणजे मांसाचे तुकडे ओवलेल्या काडीसारखा दिसतो, म्हणून हे नाव. पुढे जागतिक मंदी आली, पैसा आटला आणि राजधानी बटाव्हियातच राहिली. पण तोवर बांधलेलं कुठे जाणार? चार-पाच किलोमीटरच्या टापूत विसाव्या शतकाच्या पहिल्या चाळीस वर्षांतल्या इमारती खच्चून भरल्या आहेत त्या या फसलेल्या बेतामुळे. माझ्या मते बांडुंगवरचा तो सगळ्यात मोठा उपकार. बेत तडीस गेला असता तर यातलं निम्मं मंत्रालयांच्या मनोऱ्यांखाली गाडलं गेलं असतं.

पाश्चर रस्त्यावरची लससंस्था त्याच लाटेत बटाव्हियाहून इथे हलली. १९११ मध्ये ब्रह्मदेशातून आलेल्या तांदळाबरोबर प्लेग जावात शिरला होता. मुंबईत हाफकिनने १८९७ मध्ये मृत जंतूंची लस काढली होती. बांडुंगच्या या संस्थेतल्या लुई ओटेनने १९३४ मध्ये जिवंत पण दुबळ्या केलेल्या जंतूंची लस वापरात आणली. जवळच्या एका गल्लीला ओटेनचं नाव आहे. तिथून पश्चिमेला गेलं की मराठी माणूस पाट्या वाचून थबकतो: अर्जुना, बिमा, नाकुला, क्रेस्ना. रस्त्यांना वायांगच्या, म्हणजे छायानाट्याच्या पात्रांची नावं आहेत आणि दफनभूमी आहे पांडू रस्त्यावर.

पण पायी फिरणाऱ्याने वेळ द्यावा तो बांचेउय रस्त्याला. स्वातंत्र्यचळवळीसाठी सुकार्नोंना (पुढे इंडोनेशियाचे पहिले राष्ट्राध्यक्ष) डिसेंबर १९२९ मध्ये पकडून इथल्या तुरुंगात डांबलं. तुरुंग १९८०च्या दशकात पाडला, दुकानांचं संकुल उभं राहिलं. मध्ये उरली ती पाच नंबरची कोठडी आणि पहाऱ्याचा एक मनोरा. हात पसरले तर भिंती लागाव्यात एवढीच ती खोली. शौचाच्या डब्याचं टेबल करून आपण बचावाचं भाषण लिहिलं, असं सुकार्नोंनी पुढे सांगितलं. भाषण झालं ते कोर्ट थोड्याच अंतरावर, रुळांजवळ. शिक्षा झाली चार वर्षांची. या काळात घर चालवलं पत्नी इंगित गार्नासिह यांनी, शिवणकाम करून आणि पावडर-उटणी विकून. भेटीला जाताना पोटाशी पुस्तक लपवता यावं म्हणून त्या आधी उपास करत असं सांगतात. दक्षिणेकडचं त्यांचं घर आता संग्रहालय आहे. सुकार्नोंच्या पुतळ्यांपेक्षा ते मला जास्त बोलकं वाटतं. बांचेउय रस्त्यावरच १९३० पासूनचं एक कॉफीचं दुकान आहे. बिया पोत्यांत कित्येक वर्षं मुरवून लाकडाच्या जाळावर भाजतात.

रुळांची रेघ १९४६ मध्ये पुन्हा कामी आली. दुसऱ्या महायुद्धात इथे ताबा मिळवलेला जपान हरल्यावर आलेल्या ब्रिटिश फौजेने (म्हणायला ब्रिटिश, सैनिक बहुतेक हिंदुस्थानी आणि गुरखा) उत्तर भाग घेतला आणि दक्षिणेतून हत्यारबंद लोकांनी निघून जावं, असं फर्मावलं. २४ मार्चच्या रात्री जाणाऱ्यांनी, शत्रूच्या हाती लागू नयेत म्हणून, आपली घरं स्वतःच पेटवली. सुमारे दोन लाख लोक शहराबाहेर पडले. या घटनेच्या खुणा म्हणून १९९७ मध्ये दहा स्मृतिखांब बसवले. पैकी काही भर फुटपाथवर आहेत; शेजारच्या टपऱ्यांमुळे पटकन दिसत नाहीत.

१९५५ ची परिषद भरली ती डचांच्या जुन्या क्लबात. २९ देशांचे प्रतिनिधी साव्हॉय होमान हॉटेलातून तिथवर चालत गेले. त्या शंभरेक मीटरचंही आता स्मारक झालंय. त्याआधी आठवडाभर, ११ एप्रिलला, परिषदेसाठी प्रतिनिधी आणि पत्रकार घेऊन हाँगकाँगहून निघालेलं एअर इंडियाचं ‘काश्मीर प्रिन्सेस’ विमान समुद्रात कोसळलं होतं, आत ठेवलेल्या बॉम्बमुळे. १६ जण गेले, त्यात कॅप्टन जटार होते. वाचलेल्या तिघांत देखभाल अभियंते कर्णिक होते.

या सगळ्याची फिरस्तीशी गाठ पडली ती अलीकडे. जुन्या बांडुंगवर लिहिणारे हर्योतो कुंतो १९८०च्या दशकात वाचले जाऊ लागले, १९८७ मध्ये वारसा जपणारी संस्था निघाली. २००६ मध्ये विद्यार्थ्यांनी ‘आलेउत’ नावाचा गट काढला. ते रविवारी सकाळी जमतात, एकेक विषय घेतात आणि एकामागे एक रांगेत गल्ल्यांतून जातात, कारण कित्येक गल्ल्यांत दोघं शेजारी चालू शकत नाहीत. चिकापुंदुंग नदीकाठच्या वस्त्यांत तर समोरून स्कूटर आली की रांगेला कुणाच्या तरी ओसरीवर चढावं लागतं.